वृत्तपत्रांचे दान आणि दौंडचे पान

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उन्हाळा लागला की घोड आणि भीमा यांच्या खोऱ्यातील कोणत्या ना कोणत्या ओढ्यावर एक दृश्य दिसते. कोरड्या पात्रात पोकलेन उभे असते, काठावर एखाद्या वृत्तपत्राच्या मदतनिधीचा कापडी फलक बांधलेला असतो, सरपंच नारळ फोडतात, महिला मंडळाच्या भगिनी यंत्राला हळदीकुंकू वाहतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वृत्तपत्राच्या ग्रामीण पानावर या समारंभाचे छायाचित्र येते. गाळ निघतो. पाऊस झाला तर पाणी साचते, काठच्या विहिरींना चार महिने अधिक पाणी राहते, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीला थोडा दिलासा मिळतो. हा लाभ खरा आहे. ज्याच्या घरी नळाला रोज पाणी येते त्याने त्याची टवाळी करू नये.

तथापि समाजवादी कार्यकर्त्याने नारळाच्या पलीकडे पाहिले पाहिजे. हा पैसा कोणाचा, तो कोठे खर्चावा हे कोणी ठरविले आणि पाणी साचल्यावर ते कोणाच्या पिकाला गेले, हे तीन प्रश्न कोणत्याही दानाविषयी विचारता येतात. वृत्तपत्राच्या दानाविषयी मात्र चौथा प्रश्न उद्भवतो आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. इतर कारखान्यांचा माल साबण असतो, मोटार असते. वृत्तपत्राचा माल म्हणजे बातमी. तालुक्याला द्यावयाची बातमी त्याने पुरती दिली काय? ती न देता त्याऐवजी पोकलेन दिले असेल, तर तालुक्याचा व्यवहार तोट्याचाच झाला.

हा प्रश्न नवा नाही. याच भूमीत तो दीडशे वर्षे जुना आहे.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि पाहता पाहता ते लोण तेव्हाच्या भीमथडी, शिरूर, इंदापूर या तालुक्यांत पसरले. आजचा दौंडचा मुलूख त्या जुन्या भीमथडी तालुक्यात मोडत असे. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. मधल्या काळात १८७६-७७ चा भीषण दुष्काळ पडला. त्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला अनाथ मुलांसाठी छावणी उघडली, जोतीराव फुल्यांनी मदतीचे आवाहन छापून वाटले, आणि १८७७ मध्येच कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधू’ सुरू केला. एकाच समाजाच्या माणसांनी एकाच वर्षी मुलांना भाकरी दिली आणि शेतकऱ्यांना वृत्तपत्र दिले. दोहोंचा क्रम लावण्याची त्यांना गरज भासली नाही. दोन्ही भुका त्यांना सारख्याच दिसत होत्या.

पुढे वीस वर्षांनी, १८९६-९७ च्या दुष्काळात, ‘केसरी’ने जे केले ते अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक अभ्यसनीय आहे. सरकारपाशी दुष्काळनिवारणाची संहिता होती. पीक बुडाल्यास सारा तहकूब वा माफ करता येतो, उपासमारीच्या भागात सरकारने कामे काढली पाहिजेत, असे त्यात लिहिलेले होते. परंतु ज्याच्यासाठी लिहिले त्या शेतकऱ्याला ते ठाऊक नव्हते. टिळकांनी ‘केसरी’तून ही संहिता मराठीत समजावून सांगितली, सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी तिची माहिती गावोगाव पोहोचविली, आणि सारा भरण्यासाठी गुरे-भांडी विकू नका असे शेतकऱ्यांना सांगितले. सरकार इतके चिडले की त्याने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. ‘केसरी’च्या या कामगिरीचा हिशेब रुपयांत मांडला तर आकडा जवळजवळ शून्य येईल. कारण तेथे दान नव्हतेच. शेतकऱ्याचे जे होते तेच त्याला कळविले गेले. तालुक्याला वृत्तपत्राचा याहून मोठा उपयोग सांगता येणार नाही.

याच ‘केसरी’ची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. विधवांचे शिक्षण हा त्याचा हेतू. परंतु तेथे धर्मांतर होते या आरोपावरून ‘केसरी’ने १८९३ मध्ये असे काहूर उठविले की पालकांनी मुली काढून नेल्या आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. ज्या लेखणीने दुष्काळग्रस्ताला हक्क सांगितला तिनेच विधवांच्या शाळेचा आधार काढून घेतला. वृत्तपत्राचा पाठिंबा हा असा असतो. तो देता येतो तसा एका अग्रलेखात मागेही घेता येतो.

रमाबाईंनी यावर काढलेला मार्ग दौंड तालुक्यातच पाहावयास मिळतो. त्या केडगावला आल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका त्यांनी येथे आणल्या, १८९८ मध्ये मुक्तिसदन उभे राहिले, आणि १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या तोंडांना अन्न कोठून आले? मुख्यतः परदेशी वाचकांकडून. रमाबाईंनी ‘मुक्ति प्रेयर बेल’ हे आपले इंग्रजी पत्रक काढले, केडगावच्या माळावर छापखाना घातला, जुळाऱ्यापासून बांधणीपर्यंतची कामे आश्रमातील स्त्रियांना शिकविली, आणि आपल्या संस्थेची हकीकत आपणच जगाला कळविली. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने हिंदुस्थानातील दुष्काळासाठी वाचकांकडून वर्गणी जमविली होती आणि १९०० मध्ये ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून मका मुंबईस धाडला होता. म्हणजे वृत्तपत्राने निधी काढावा, वाचकांनी पैसे द्यावेत आणि दूरच्या मुलखातील भुकेल्यांना धान्य मिळावे, ही पद्धत तेव्हाच पूर्णत्वाला गेली होती. रमाबाईंचे वैशिष्ट्य असे की त्या केवळ दान घेणाऱ्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. माध्यमाची मालकी त्यांनी स्वतःकडे ठेवली. संस्थेच्या धर्मप्रचाराविषयी मतभेद असू शकतात. परंतु ज्याला मदत मिळते त्याच्याच हाती छपाईचे यंत्र असावे, ही गोष्ट आजच्या कोणत्याही दानशूर वृत्तपत्राला सुचलेली नाही.

स्वातंत्र्यानंतरचा एक प्रयोग या संदर्भात हटकून आठवतो. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साह्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळे बसविली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, कार्यक्रम लागे. गावकरी एकत्र बसून तो ऐकत, नंतर चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न व निर्णय केंद्राकडे परत जात. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले आणि श्रोतृमंडळे असलेल्या गावांत माहितीची वाढ इतर गावांपेक्षा स्पष्टपणे अधिक दिसली. येथेही कोणी कोणाला धनादेश दिला नाही. गावाला बोलण्याची जागा दिली. सरकारी माध्यमाविषयी बरेच वाईट बोलले जाते आणि त्यातील पुष्कळसे योग्यही असते. परंतु श्रोत्याचा प्रश्न परत स्टुडिओत नेण्याची एवढी व्यवस्थित यंत्रणा नंतरच्या खाजगी वाहिन्यांनी उभारल्याचे दिसत नाही.

आता वृत्तपत्रांच्या प्रत्यक्ष दानाकडे येऊ. पुणे जिल्ह्यात हा विषय ‘सकाळ’ला वगळून बोलता येत नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी हे दैनिक सुरू केले आणि व्याख्याने, अग्रलेख व आंदोलने यांनी भरलेल्या पुणेरी पत्रव्यवहारात त्यांनी बाजारभाव, गावोगावच्या घडामोडी आणि सामान्य माणसाची गाऱ्हाणी यांना जागा दिली. १९५९ मध्ये त्यांनी ‘सकाळ इंडिया फाउंडेशन’ स्थापन केले. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना बिनव्याजी कर्जाऊ शिष्यवृत्ती ही त्याची ओळख. परुळेकरांचे १९७३ मध्ये निधन झाले, आणि १९८५ मध्ये वृत्तपत्राची सूत्रे बारामतीच्या पवार कुटुंबातील प्रतापराव पवार यांच्याकडे गेली. ‘सकाळ रिलीफ फंडा’तून भूकंप, पूर, दरड कोसळणे अशा आपत्तींत वाचकांच्या वर्गणीची मदत पोहोचत आली आहे, २०१२-१३ च्या दुष्काळानंतर ‘तनिष्का’ या स्त्रियांच्या व्यासपीठाच्या साह्याने राज्यात अनेक गावांत गाळ काढण्याची व ओढे खोल करण्याची कामे या निधीतून झाली. शिवाय २००५ पासून निघणारे ‘ॲग्रोवन’ हे शेतीचे दैनिक आहे. ते दान नव्हे, व्यापार आहे. परंतु बाजारसमितीचे भाव आणि कीडनियंत्रणाचा सल्ला रोज सकाळी शेतकऱ्याच्या हाती देणारा हा व्यापार तालुक्याला कित्येक दानांहून उपकारक ठरला, हे मान्य केले पाहिजे.

इतरांचीही उदाहरणे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील बाणेगावचे पुनर्वसन केरळच्या ‘मलयाळ मनोरमा’ने केले, मराठीचा एक शब्द न वाचणाऱ्या वाचकांच्या पैशातून मराठवाड्यातील एक गाव पुन्हा उभे राहिले. ‘लोकसत्ता’ २०११ पासून दर गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या नावाने साधारण दहा संस्थांचा परिचय छापतो आणि वाचक त्या त्या संस्थेच्या नावाने धनादेश पाठवितात. या पद्धतीत एक मोठा गुण आहे. पैसा वृत्तपत्राच्या खात्यावर जातच नाही. वृत्तपत्र जे देते ते त्याचे स्वतःचे असते, म्हणजे पानावरील जागा, वार्ताहराचा वेळ आणि संस्थेची पारख. अमेरिकेत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९१२ पासून शंभर अतिगरजू कुटुंबांच्या कहाण्या छापून निधी जमविण्याची प्रथा पाडली, त्यात कुटुंबांची नावे गुप्त राखली जात. आपल्याकडे मदत घेणाऱ्या विधवेला साडीसह छायाचित्रात उभे करण्याची जी हौस आहे, तिच्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे.

दानाच्या हिशेबात तीन वेगवेगळ्या पिशव्या असतात आणि जाहिरातीत त्या एकच भासविल्या जातात. पहिली वाचकाची पिशवी. मदतनिधीत जमा होणारी रक्कम वाचकाची असते. वृत्तपत्र तिचे विश्वस्त असते, दाता नव्हे. दुसरी कंपनीची. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च केली पाहिजे, आणि ती करताना आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे त्यात म्हटले आहे. वाचकांच्या वर्गणीतून झालेले काम या दोन टक्क्यांत धरता येत नाही, कारण तो कंपनीचा खर्चच नव्हे. आणि तिसरी पिशवी म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील, सणसवाडी-शिक्रापूर पट्ट्यातील किंवा कुरकुंभच्या रासायनिक वसाहतीतील कारखान्यांनाही हा कायदा लागू होतो. त्यांपैकी एखाद्याने गावातील शाळेला संगणक दिले तर त्याची बातमी व्हावी यात वावगे काही नाही. परंतु त्याच कारखान्याची जाहिरात त्याच पानावर असेल आणि कारखान्यामागच्या विहिरीच्या पाण्याला रंग आल्याची तक्रार त्या पानावर नसेल, तर शाळेच्या संगणकांची किंमत गावाने दोनदा मोजली असे म्हणावे लागते.

कायद्याने आणखी एक गोष्ट वगळली आहे. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या हिताचा खर्च दोन टक्क्यांत धरला जात नाही. हे योग्यच आहे, कारण वेतन हे दान नव्हे. पण त्यामुळे तालुक्यातील वृत्तपत्राच्या खऱ्या कर्मचाऱ्याकडे लक्ष जाते. शिरूर आणि दौंडच्या गावांतून बातमी पाठविणारा वार्ताहर बहुधा पगारी नोकर नसतोच. त्याला नाममात्र मानधन असते आणि खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर असते. वर्धापनदिनाची पुरवणी निघायची झाली की तो सरपंचाकडे, पतसंस्थेच्या अध्यक्षाकडे, साखर कारखान्याच्या संचालकाकडे, वाळूच्या ठेकेदाराकडे वहीत नाव लिहून घ्यायला जातो. ज्या हाताने जाहिरात मागावयाची त्याच हाताने त्या माणसाविरुद्धची बातमी लिहावयाची, हे साधूलाही कठीण आहे; आणि वार्ताहराला मुलांची फी भरावयाची असते. श्रमिक पत्रकारांसाठी मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या वैध ठरविल्या, तरी गावपातळीवरील या माणसापर्यंत त्यातले फारसे काही झिरपले नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत पैसे घेऊन बातम्या छापल्याचे प्रकरण पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर सविस्तर अहवाल दिला, तेव्हा दर्पोक्तीने सांगितले गेले की दोष खालच्या वार्ताहरांचा आहे. ज्या व्यवस्थेत बातमी देणाऱ्याचे पोट जाहिरातीवर टांगलेले आहे, तेथे दोष खाली शोधणे हा मालकी हक्काचाच भाग म्हटला पाहिजे. मराठी वृत्तपत्रांच्या मालकांतील कितीतरी घराणी राजकारणात मुरलेली आहेत. ‘लोकमत’च्या दर्डा कुटुंबातील व्यक्ती मंत्री व खासदार झाल्या, ‘सामना’ तर एका पक्षाचे मुखपत्रच आहे आणि ते तसे उघडपणे सांगते, हे त्यातल्या त्यात बरे.

आता पुन्हा ओढ्यावर जाऊ. खोल केलेल्या ओढ्याचे पाणी काठच्या विहिरींत उतरते. ज्याची विहीर आहे, मोटार आहे, पाइपलाइन टाकण्याची ऐपत आहे, तो ते पाणी उचलतो आणि उसाला देतो. भूमिहीनाच्या वाट्याला येते ती हापशाची धार थोडी जाड होण्याएवढी मदत. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाणी अडविण्याबरोबर सिंचनासाठी बोअर घेण्यास आणि ऊस लावण्यास बंदी घातली. तेथे यंत्राबरोबर नियमही आला, आणि टिकला तो नियम. शिवाय काळ्या पाषाणाच्या प्रदेशात ओढा किती खोल करावा यालाही भूशास्त्राची मर्यादा आहे. जलयुक्त शिवारातील बेसुमार खोलीकरणावर अर्थतज्ज्ञ प्रा. ह. मो. देसरडा उच्च न्यायालयात गेले होते, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी विसरू नये. छायाचित्रात खोल खड्डा चांगला दिसतो. खड्ड्याखालच्या खडकाचे छायाचित्र येत नाही.

दौंडच्या पाण्याचा मोठा प्रश्न मात्र ओढ्यात नाही, कालव्यात आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठते. नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड आणि इंदापूरला पाणी देण्यासाठी आहे. पुणे शहराचा करारातील वाटा साडेअकरा टीएमसी; शहर वाढत गेले आणि प्रत्यक्ष उचल त्याच्या कितीतरी पुढे गेली. त्या बदल्यात शहराने सांडपाणी शुद्ध करून साडेसहा टीएमसी पाणी शेतीसाठी परत द्यावे असे ठरले आणि मुंढव्याला त्यासाठी जॅकवेल झाले. या विषयाच्या तक्रारी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापुढे गेल्या, निर्णय झाले, आणि कालव्याच्या शेपटाकडील शेतकरी आजही आवर्तनाच्या तारखेकडे डोळे लावून बसतो. तिकडे मुळा-मुठेतून शहराचे मैलापाणी वाहत येऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. म्हणजे दौंड आणि शिरूर दोघांनाही शहराकडून पाणी कमी आणि मैला अधिक मिळतो. अर्थशास्त्रात याला साधा नियम आहे. एकाने वापरावे आणि त्याचा खर्च दुसऱ्याच्या माथी मारावा, असे झाले की वापरणाऱ्याला आपण काय वापरले हे कळतच नाही.

मदतनिधीचा पुण्यातील दाता नेमका या जागी उभा आहे. कोथरूडमधील निवृत्त शिक्षिका दुष्काळग्रस्तांसाठी पाच हजारांचा धनादेश देते. तिचे मन निर्मळ आहे. तिच्या घरच्या नळाचे पाणी दौंडच्या कालव्याशी कसे जोडलेले आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते. का सांगितलेले नसते? बातमी छापली जात नाही असे नव्हे. ती छापली जाते, पण एकाच वृत्तपत्राच्या दोन पानांवर दोन वेगळ्या गोष्टी म्हणून छापली जाते. शहराच्या आवृत्तीत मथळा असतो पाणीकपातीचे संकट. ग्रामीण आवृत्तीत मथळा असतो आवर्तन सोडण्याची मागणी. शहराचा वाचक ग्रामीण पान पाहत नाही, कारण त्याच्या अंकात ते नसतेच. तालुक्याचा वाचक शहराचे पान पाहत नाही. आवृत्त्या जिल्हावार, तालुकावार झाल्या, त्यामुळे गावची बातमी छापली जाऊ लागली हा मोठाच लाभ झाला. परंतु ती गावातच अडकून पडली. दौंडचे गाऱ्हाणे दौंडलाच ऐकविण्यात काय अर्थ आहे? ते त्याला आधीच ठाऊक असते.

सबब, वृत्तपत्राने या दोन तालुक्यांना काय द्यावे असे कोणी विचारले, तर पोकलेनच्या आधी मागावयाची गोष्ट ही आहे की, दौंडचे पान पुण्यात छापा. रोज नको. उन्हाळी आवर्तनाच्या महिन्यांत आठवड्यातून एकदा, शहराच्या आवृत्तीत, कालव्याच्या प्रत्येक टप्प्यावर किती पाणी सुटले आणि शेवटच्या चारीला किती पोहोचले याचा तक्ता द्या. शहराने किती उचलले आणि मुंढव्याहून किती परत दिले, ते आकडे त्याच तक्त्यात शेजारी ठेवा. हा खर्च एका पानाचा आहे. मदतनिधीच्या जाहिरातीला तेवढी जागा नेहमीच सापडते.

आणि निधी आलाच तर तो नाकारू नये. कोरडा ओढा तत्त्वनिष्ठेने भरत नाही. मात्र काम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत ठराव घ्यावा, भूजल सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांकडून खोलीची मर्यादा लिहून घ्यावी, यंत्राचे तास आणि डिझेल यांचा हिशेब चावडीवर लावावा. मदतनिधीचा विश्वस्त न्यास असेल तर त्याचा लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल होतो. तो मागण्यात उर्मटपणा नाही. पाणी साचल्यावर काठच्या किती विहिरींनी किती उपसा करावा हे त्याच ठरावात घालावे, कारण यंत्र निघून गेल्यावर कोणी ऐकत नाही. फलकावर वृत्तपत्राचे नाव असू द्यावे. त्याच्या खाली, तेवढ्याच अक्षरांत, किती वाचकांनी मिळून किती रक्कम दिली हे लिहिण्याचा आग्रह धरावा.

तालुक्याच्या वार्ताहराचेही विसरू नये. त्याच्या कमिशनवर टीका करणे सोपे आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने शेपटाकडील चाऱ्यांची बातमी किती वेळा पाठविली आणि ती किती वेळा छापली गेली, हे त्याला विचारून कार्यकर्त्यांनी वहीत टिपून ठेवावे. येत्या वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी तो जाहिरात मागायला येईल, तेव्हा ती वही जवळ असलेली बरी.